खडकाच्या डावीकडचं झाड

केया : आजी, हळू बोल. गाडीची आजोबांच्या साइडची खिडकी उघडी आहे. मी इथल्या अपार्टमेंट्सच्या ऑफिसमध्ये विचारून आले. तो रॉक नाहीये.

पद्मजा : नाहीये म्हणजे? एवढा मोठा खडक कुणी खिशात घालून नेला की काय?

केया : ब्लास्ट केला. नाइन्टीन एटी-थ्रीमध्ये, हे अपार्टमेंट्स बांधायला. जिथे रॉक होता तिथे आता त्यांचा स्विमिंग पूल आहे. लिटरली काहीच उरलं नाहीये.

पद्मजा : पत्ता नीट घातलास ना गाडीत?

केया : पत्ता बरोबर आहे. ऑफिसच्या भिंतीवर फोटोपण लावलाय. रॉक, हॉर्स, गिटारवाला काउबॉय. खाली लिहिलंय की इथे फॉर्टी फिल्म्स शूट झाल्या.

पद्मजा : पहाटे पाचला फ्रीमाँटहून निघालो. सहा तास गाडीत अंग आंबून गेलं. आणि इथे येऊन काय बघायचं, तर लोकांचा पोहण्याचा हौद!

केया : सॉरी, आजी. मी आधी कॉल करायला हवा होता. आता आजोबांना सांगूया का? मी सांगते हवं तर.

पद्मजा : थांब जरा. मला विचार करू दे.

केया : खरं सांगितलेलं बरं ना?

पद्मजा : तू तेवीस वर्षांची आहेस, तुला खरं सांगणं सोपं वाटतं. मार्चमध्ये त्यांचा उजवा डोळा गेला. डाव्याला आता फक्त उजेड-अंधार कळतो, आणि डॉक्टर म्हणाले की दिवाळीपर्यंत तोही जाईल. पन्नास वर्षांच्या संसारात या माणसानं माझ्याकडे काही म्हणून मागितलं नाही. जेवताना मीठ लागलं तरी स्वतः उठून घेतात. आणि परवा म्हणाले, 'पद्मा, पूर्ण अंधार व्हायच्या आत मला एकदा त्या खडकासमोर उभं कर.' आता मी त्यांना हौद दाखवू?

केया : पण आजी, इतकं काय आहे त्या फिल्म्समध्ये? मी एक ट्राय केली. स्टोरी नाही, काही नाही. डाकू येतात, तो गातो, परत डाकू येतात.

पद्मजा : अगं, कवडीमोल सिनेमे ते. आठवड्यात एक बनवायचे. घोडे तेच, डाकूही तेच, फक्त मिश्या बदलायचे. एकाच खडकाभोवती चार प्रदक्षिणा घातल्या की झाला पाठलाग. आणि मध्येच तो डावखुरा गिटार काढून गायला बसायचा, मागून गोळ्या येत असल्या तरी.

केया : तू बघायचीस?

पद्मजा : मी कशाला बघते? मी कायम पाठ करून बसले. शॉमबर्गला राहायचो तेव्हा साऱ्या गावाला माहीत होतं. कानावर यायचं तेवढंच.

गुरुदत्त : काय खुसुरफुसुर चालू आहे तिकडे? आला का खडक? सीटबेल्ट सोडून बसलोय मी कधीचा!

पद्मजा : आलो, आलो. अहो, दार एकदम उघडू नका, शेजारी गाडी आहे.

गुरुदत्त : माझी हॅट कुठे आहे?

पद्मजा : डोक्यावरच आहे.

गुरुदत्त : तरीच म्हटलं. चल, हात दे. कोणीकडे आहे?

केया : आजोबा, ॲक्चुअली...

पद्मजा : केया, ती पाण्याची बाटली घे गं. आणि तुम्ही इकडे वळा. आता सरळ चला, उतार आहे थोडा. हं. आता समोर तोंड करा.

(समोर तीन मजली इमारत, तिच्या पायाशी जाळीचं कुंपण, कुंपणाआड निळा तलाव. तिघं कुंपणापाशी उभी आहेत.)

गुरुदत्त : बाप्पा! समोर काहीतरी मोठ्ठं काळं आहे. तोच ना तो?

पद्मजा : तोच.

गुरुदत्त : एवढा मोठा? सिनेमात इतका मोठा नव्हता वाटत.

पद्मजा : टीव्ही केवढासा होता आपला? चौदा इंची.

गुरुदत्त : खरं आहे. केया, तुला दिसतो ना?

केया : हो, आजोबा. इट्स... व्हेरी बिग.

गुरुदत्त : तुला म्हणून सांगतो बेटा, हा खडक मी पहिल्यांदा पाहिला स्टेट कॉलेज नावाच्या गावी, शिकायला आलो होतो तिथे, एकोणिसशे बहात्तरच्या थँक्सगिव्हिंगला. तेव्हा मी तुझ्याएवढाच होतो. नागपूरहून येऊन तीन महिने झाले होते. रूममेट घरी गेलेला, कॅम्पसच्या बसेस बंद, बाहेर बर्फ. चार दिवस माझ्याशी कोणी बोललं नाही. मग टीव्ही लावला, तर हा खडक! खाली शेकोटी, आणि एक माणूस एकटाच बसून गाऊन राह्यला. कोणासाठी नाही, आपला स्वतःशीच. तीन महिन्यांत मी कोणाला गाताना ऐकलं नव्हतं, बरं का. आमच्या नागपुरात दूधवालासुद्धा गात यायचा.

केया : मग?

गुरुदत्त : मग त्या अंधारातून दुसरा एक माणूस आला. आणि यानं त्याला काहीच विचारलं नाही. कोण, कुठला, व्हिसा कोणता, काहीच नाही. गाणं चालूच, आणि कॉफीचा मग त्याच्यापुढे धरला. मला इतकं रडू आलं ना! सिनेमा संपल्यावर मी उठून दार उघडून पाहिलं, की येतं का कोणी आपल्याकडे.

केया : ओह, आजोबा. आलं का कुणी?

गुरुदत्त : कोण येणार? बर्फ आत आला. पण तेव्हापासून मला वाटायचं, की ती अमेरिका कुठेतरी असेलच. आपण जरा चुकीच्या गावात उतरलो, एवढंच. नोकरी लागून शॉमबर्गला गेलो, तिथे नव्हती. फ्रीमाँटमध्ये तर शेजाऱ्याचं नाव कळायलाही ॲप लागतं. म्हणून म्हटलं, निदान खडक तरी खरा आहे. त्याला एकदा हात लावू.

पद्मजा : हात नाही लावता येणार. कुंपण आहे. ही बघा जाळी.

गुरुदत्त : कुंपण? खडकाला?

पद्मजा : मग! चाळीस सिनेमांचा खडक आहे. ज्यानं त्यानं हात लावला तर झिजून नाही का जाणार? शिवाय सापाची पाटी आहे.

गुरुदत्त : आणि हा वास कशाचा? पाणी वाजतंय, पोरं ओरडताहेत.

केया : ते ना, आजोबा, ते...

पद्मजा : पलीकडे सोसायटीचा पूल आहे. खडकाच्या मागे. आता खडकाजवळ जागा म्हटल्यावर लोक घरं बांधणारच.

गुरुदत्त : हं. बरं, मला नीट सांग ना, कसा दिसतो? वरून सांग.

पद्मजा : वर सपाट आहे. तिथून तो डाकूंवर नजर ठेवायचा ना, तो सपाट भाग. मग मध्ये भेग आहे, तिरकी.

गुरुदत्त : अजून आहे भेग?

पद्मजा : न असायला काय झालं? भेगेच्या खाली ती कपार. त्या शिक्षिकेला डाकूंनी कोंडलं होतं, तिच्या रुमालाचं टोक बाहेर राहिलं म्हणून सापडली, ती. आणि खाली उन्हात चमकणारे बारीक खडे. घोड्याच्या टापांनी उडायचे ते.

गुरुदत्त : आणि झाड?

पद्मजा : झाडही आहे की. डावीकडे. वाकलेलं, एक फांदी मोडलेली. त्यालाच तो घोडा बांधायचा आणि मग टेकून गायचा. ...अहो? काय झालं? बसायचंय का?

गुरुदत्त : डावीकडे?

पद्मजा : हो. डावीकडे.

गुरुदत्त : नीट पाहून सांग, पद्मा.

पद्मजा : पाहूनच सांगतेय. डावीकडेच आहे.

गुरुदत्त : आणि तो गिटार कोणत्या हातानं वाजवायचा?

पद्मजा : डाव्या. डावखुरा नव्हता का तो?

गुरुदत्त : केया, बेटा, खडक नाहीये ना इथे?

केया : आजोबा... मी... आजी, मी काय सांगू?

गुरुदत्त : घाबरू नको. नाहीये, हे कळलं मला. मघाशी क्लोरीनचा वास आला तेव्हाच शंका आली होती. पण तुझी आजी एवढ्या निगुतीनं सांगत होती, म्हटलं ऐकून घेऊ.

केया : एटी-थ्रीमध्ये ब्लास्ट केला, आजोबा. आय ॲम सो सॉरी. ऑफिसमध्ये फोटो आहे फक्त.

गुरुदत्त : त्या फोटोत झाड कोणत्या बाजूला आहे?

केया : वेट, मी फोनवर फोटो काढलाय त्याचा. झाड... राइटला आहे. आणि तो गिटारपण राइट हॅन्डनेच वाजवतोय.

पद्मजा : मग फोटो उलटा छापला असेल.

गुरुदत्त : फोटो सुलटा आहे, पद्मा. तूच उलटं पाहिलंस. शॉमबर्गच्या घरात टीव्ही खिडकीशी होता. मी सोफ्यावर. माझ्या मागे डायनिंग टेबल, तिथे तू माझ्याकडे पाठ करून मेथी निवडायचीस. आणि तुझ्यासमोर काय होतं?

पद्मजा : भिंत होती.

गुरुदत्त : भिंतीला काय होतं?

पद्मजा : ...शोकेस.

केया : ते ग्लासवालं? ज्यात गणपती आणि डॉल्स होत्या? ओ माय गॉड, आजी! तू रिफ्लेक्शनमध्ये बघायचीस?

पद्मजा : ओरडू नकोस, पोरं बघताहेत.

गुरुदत्त : पंधरा वर्षं होते ते सिनेमे दर शनिवारी. पंधरा वर्षं तू काचेत पाहिलंस?

पद्मजा : मग काय करणार होते? तुम्ही शनिवार सकाळी पडदे ओढून बसायचात. काचेत लख्ख दिसायचं.

गुरुदत्त : अगं, पण काहून? माझ्या शेजारी जागा होती ना सोफ्यावर!

पद्मजा : पुण्याहून येऊन मला आठ दिवस झाले होते. बाहेर हाडं गोठवणारी थंडी, घरात बोलायला कुणी नाही, आणि हक्काचा नवरा घोडे बघत बसलेला. मी म्हटलं, 'असलं मी आयुष्यात बघणार नाही.' आणि टेबलाशी जाऊन बसले. मग एकदा म्हटलं ते म्हटलं. पुढच्या शनिवारी कोणत्या तोंडानं शेजारी येऊन बसू? तुम्ही तरी कुठे बोलावलंत?

गुरुदत्त : मला वाटलं, तुला राग येतो.

पद्मजा : राग आठवडाभर होता. पुढच्या शनिवारी त्या शिक्षिकेसाठी तो गायला. तेव्हा गेला.

गुरुदत्त : आणि हे तू मला आज सांगतेस!

पद्मजा : आजही सांगणार नव्हते. निम्मा सिनेमा तर तुमच्या डोक्याआड जायचा. तो गायला लागला, की तुम्ही चष्मा काढून पुसायचात. मला मागून कळायचं. वाटायचं, उठावं, खांद्यावर हात ठेवावा. पण हात ठेवला तर म्हणाल, तुला कसं कळलं मी रडतोय ते? मग मेथीच्या काड्या मोजत बसायची.

गुरुदत्त : आणि मी समोर बघून म्हणायचो, एवढ्या मोठ्या देशात माझ्या शेकोटीला येऊन बसेल असं कोणीच नाही. एकदा मागे वळून बघितलं असतं, तर...

पद्मजा : आता रडू नका. हॅट घालून रडलेलं बरं नाही दिसत.

केया : आजोबा, पुढे अजून एक कॅन्यन आहे, तिथे काही ओरिजिनल रॉक्स आहेत म्हणे. फॉर्टी मिनिट्स. जाऊया का?

गुरुदत्त : नको, बेटा. खडक झाला पाहून. इतका नीट तर मला डोळे होते तेव्हाही दिसला नव्हता. चल, घरी जाऊ.

पद्मजा : आधी काहीतरी खाऊया. दशम्या आणल्यात, लसणाची चटणी आहे. तो पलीकडचा बाक सावलीत आहे. केया, थर्मास आण गं गाडीतून.

केया : आणते.

पद्मजा : जपून, पायरी आहे. हं, बसा. दुखताहेत का पाय?

गुरुदत्त : पद्मा, या शनिवारी लावशील एखादा? मला तर आता दिसणार नाही. तू बघून सांगत जा.

पद्मजा : मला समोरून बघायची सवय नाही. सगळं उलटं सांगेन.

गुरुदत्त : सांग. मी पाठ करून बसतो.