मुकाम ब्रातिस्लाव्हा

सुनयना : बाबा, परत एकदा सांगा. मला भेटायला तुम्ही व्हिएन्नाला येणार, आणि राहणार दुसऱ्या देशात?

उद्धवराव : दुसरा देश म्हंजे का लय दूर हाये का? नकाशात पाह्यलं मी. व्हिएन्ना इथं, ब्रातिस्लाव्हा इथं. मदात माहं बोट बी मावत नाही. रेल्वेनं एक तास. सकाळच्या गाडीनं तुह्याकडं येईन, दिवसभर गोष्टी करू, सांजच्या गाडीनं आपल्या मुकामाले परत.

बयनाबाई : अन् दिवसभर खायचं काय?

उद्धवराव : डबा.

(तेलंगणाच्या सरहद्दीवरच्या बेला गावातलं घर, भर दुपार. उद्धवरावांचा फोन तांब्याला टेकवून उभा केलेला. पडद्यावर त्यांची व्हिएन्नातली लेक सुनयना, इकडे उद्धवरावांच्या शेजारी बायको बयनाबाई. जमिनीवर पसरलेला युरोपचा नकाशा शाळेच्या मास्तरांकडून एका दिवसाच्या बोलीवर आणलेला. आज चौथा दिवस आहे. लेकीच्या लग्नाला चार वर्षं झाली. तिला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही, ही घराण्याची रीत उद्धवरावांनी कोणी विचारलं नसतानाही गावभर सांगून ठेवली आहे. आता त्यातून मागं कसं फिरायचं, हा प्रश्न त्यांना पडत नाही. ते पडू देत नाहीत.)

सुनयना : बाबा, वीस दिवस रोज जाऊन-येऊन करणार?

उद्धवराव : अवं बाई, इथून कोरपन्याले लोकं रोज राज्य बदलून राह्यले. सकाळचा चहा तेलंगणात, दुपारची झोप महाराष्ट्रात. आपल्या माणसाले सरहद्दीचं भ्या नाही. तिथं चेकनाका हाये का?

सुनयना : नाही. गाडी हळूसुद्धा होत नाही. फोनवर मेसेज येतो, तेव्हा कळतं देश बदलला म्हणून.

उद्धवराव : पाह्य! अन् इथं वांग्याचं पोतं नेलं तरी कागद इचारतेत. गाडी मातर सगळ्यात जलद पाह्यजो. गाडीत टाइम घालवाचा नाही आपल्याले. रिझर्वेशन कदी उघडते?

सुनयना : रिझर्वेशन लागत नाही. तिकीट काढायचं आणि बसायचं. दर तासाला गाडी आहे.

उद्धवराव : सीट नंबर नाही? म्हंजे जनरल?

सुनयना : जनरलच समजा. पण रिकामी असते.

उद्धवराव : रिकामी कशी असंन? दोन देशायची गाडी हाये ते! बयना, दोन दुपट्टे वरच्या पिशवीत ठेव. खिडकीतून टाकाले.

सुनयना : खिडकी उघडत नाही, बाबा.

उद्धवराव : मंग लोकं जागा कशी धरतेत?

सुनयना : बसतात.

उद्धवराव : हे काही मले पटून नाही राह्यलं. पन असो. आपून गाडीच्या दोन तास आधी टेसनावर जाऊ.

सुनयना : दोन तासांत दोन गाड्या निघून जातील.

बयनाबाई : जाऊ दे वं. तुह्या बाबाले गाडी सुटल्याबिगर प्रवास केल्यासारखा वाटत नाही. अन् मी सांगून ठेवते, तुमी टाका दुपट्टे नाहीतं सतरंज्या टाका. मी पोरीच्या घरी राहीन.

उद्धवराव : आँ? अन् रीत?

बयनाबाई : रीत बापाची हाये. व्हिएन्नाले जायच्या आधी ते हैद्राबादले राहे, तिच्या घरी गेलो होतो, तवा आठ दिवस जेवली मी तिच्या हातचं.

उद्धवराव : कवा?

बयनाबाई : तुमी बाहेर पायरीवर बसून मुरमुरे खाऊन राह्यले होते, तवा. आमी आतून कडी लावली होती.

उद्धवराव : म्हंजे तवा रोज साऱ्या घरात तुरीच्या डाळीचा वास सुटला होता, तो शेजारचा नव्हता?

बयनाबाई : नाही. आपलाच होता.

सुनयना : बाबा, ते राहू द्या. मी कशासाठी फोन केला ते ऐका. व्हिसाचे कागद भरणाऱ्या बाईंचा मला फोन आला होता. लेक व्हिएन्नात असताना मुक्काम ब्रातिस्लाव्हाला का, याचं कारण तुम्ही काय लिहायला सांगितलंत?

उद्धवराव : जे खरं हाये तेच. 'अर्जदार लेकीच्या घरचं अन्नपाणी घेत नसल्याकारणे मुकाम परमुलखी.' तहसीलच्या दरखास्तीत असंच लिहितेत. दोन ओळीत मामला साफ.

सुनयना : त्या म्हणाल्या, असं लिहिलं तर तिकडचे अधिकारी विचारतील, बाप-लेकीत भांडण आहे का.

उद्धवराव : भांडण काऊन राहीन? माया हाये म्हणून तं रीत हाये!

सुनयना : हे मी त्या अधिकाऱ्यांना जर्मनमध्ये कसं सांगू?

बयनाबाई : अवं, मले मराठीत नाही समजलं अजून.

उद्धवराव : तू मदात नको बोलू. हे पाह्य बाई, पोरगी देल्ली का घर जावयाचं. देवानंदराव हिऱ्यासारखा माणूस हाये, त्यायचं काही नाही. पन लेकराचा पाळणा हालू दे एकदा. मंग तुह्या घरी ताटावरून उठलो तं सांगजो.

सुनयना : मी नवीन टेबल घेतलं, बाबा. आम्ही दोघंच आहोत, तरी चार खुर्च्यांचं. दुकानदार म्हणाला दोन खुर्च्यांचं स्वस्त पडेल. मी म्हटलं, नाही, चार. आणि ज्वारीची भाकर थापायला शिकले. पाचव्या मजल्यावर तवा तापला की दर वेळी धुराचा भोंगा वाजतो. देवानंद खुर्चीवर चढून त्याला टॉवेलनं वारा घालतो आणि मी भाकर उलटते. खालच्या आजीबाई आता वर येऊन विचारतही नाहीत. त्यांना भोंग्यावरून कळतं, आज भाकर आहे.

उद्धवराव : थापतेस तू? तुले तं पोळी लाटता येत नव्हती.

सुनयना : तुमच्यासाठी शिकले.

उद्धवराव : खाईन ना वं. नातू होऊ दे.

सुनयना : अन् नाही झाला तं?

उद्धवराव : असं नको बोलू.

सुनयना : दोन वर्सापासून दवाखाना चालू हाये आमचा, बाबा. डॉक्टरीणबाई म्हणते, होईनही, नाहीही. नाही झालं तं तुमी कदीच नाही जेवणार माह्याकडं? मी काय कोणाची परकी हाये का?

बयनाबाई : बोला आता. नकाशाकडं नका पाहू. त्याच्यात नाही लिहिलं.

उद्धवराव : हे मले काऊन नाही सांगितलं कोणी?

बयनाबाई : सांगून काय केलं असतं तुमी? एका डब्याचे दोन डबे?

उद्धवराव : बयना!

बयनाबाई : राहीबाईची गोष्ट आठवते का?

उद्धवराव : ते नको काढू.

बयनाबाई : काढीन. सुनयना, तू ऐक. तुही राहीआत्या. तुहे आजोबा दरसाल कोरपन्याले तिच्याकडं जात. संग दशम्या. सरहद्दीवरच्या बाभळीखाली बसून खात, हात धूत, अन् मंग लेकीच्या दारात. तिले लेकरू झालंच नाही. तीस वर्सं ते बाभळीखाली जेवले. ते गेले त्या दिवशी राहीबाई त्यायच्या उशाशी बसून काय म्हणे? सांगा ना. तुमी दाराआड उभे होते.

उद्धवराव : म्हणे, "बाबा, एक दिवस तं माह्या हातची भाकर खायची होती."

बयनाबाई : अन् तुमी दाराआडून काय शिकले? डबा भराले.

सुनयना : बाबा? आवाज येतोय का? बाबा, रडू नका हो.

उद्धवराव : रडून नाही राह्यलो. उकडून राह्यलं इथं. पन बाई, मी गावात सांगून बसलो ना. तो माणिकराव रोज चौकात इचारते, "काय उद्धवराव, जावयाच्या घरी पाहुणचार का?" मी छाती ठोकून सांगतलं, पानी बी घेणार नाही. आता कोन्त्या तोंडानं मोडू?

बयनाबाई : मोडू नका. रीत कशाची हाये? घराची ना?

उद्धवराव : घराची. लेकीच्या घरचं खायचं नाही.

बयनाबाई : मंग गाडी कोणाचं घर हाये?

उद्धवराव : कोन्ती गाडी?

बयनाबाई : चार दिवस झाले हेच घोकून राह्यले ना! ते दोन देशायची. ते का जावयाची हाये?

उद्धवराव : नाही. ते सरकारी असंन.

बयनाबाई : मंग पोरगी सांजच्या गाडीत बसंन तुमच्या संग. डबा तिचा, भाकर तिच्या हातची. गाडीत खा, अन् मंग जा तुमच्या मुकामाले ताठ मानेनं झोपाले.

सुनयना : मी येईन, बाबा. रोज. तुम्हाला सोडून पुढच्या गाडीनं परत.

उद्धवराव : थांबा, थांबा. पीठ कोणाचं?

बयनाबाई : आपल्या वावरातल्या जवारीचं. इथूनच नेऊ.

उद्धवराव : भाजी?

सुनयना : वांगी. बाजारातली.

उद्धवराव : तेल? मीठ?

बयनाबाई : अवो, तुमाले जेवाचं हाये का पंचनामा कराचा हाये?

उद्धवराव : नीट तं झालं पाह्यजे ना. सरहद्द नेमकी कुठं लागते?

सुनयना : मधे एक नदी आहे, तिच्यावर पूल. पुलाच्या पलीकडे तो देश.

उद्धवराव : बस्स. पूल ओलांडला का डबा उघडीन. आपल्या बाबानं बाभळीची लाइन कदी चुकवली नाही. पुलाच्या पुढं किती टाइम भेटते?

सुनयना : पंधराएक मिनिटं.

उद्धवराव : पंधरा मिनिटात किती भाकरी होतेत?

बयनाबाई : तुमच्या दातायनं? अर्धी. ते बी भाजी सोडून.

उद्धवराव : मंग ते नदी राहू दे. आपली रीत घराची हाये, नदीची थोडीच हाये? गाडी हालली का सुरू करू.

सुनयना : बाबा, मग मी बघून ठेवू गाडी? जलद हवी म्हणालात ना, सगळ्यात जलद एक सापडली आहे.

उद्धवराव : थांब जराशी.

सुनयना : काय झालं?

उद्धवराव : बाई, त्या लायनीवर पॅसेंजर नाही चालत का? साऱ्या टेसनावर थांबणारी?