भरीव भिंत

माजं मूळ गाव सांगोल्याकडं. बाप गवंडी, आजाबी गवंडी. भिंत झाली की बाप थापीची मूठ वाजवत फिरायचा, कुटं पोकळ आवाज आला की तितली वीट मला काढाय लावायचा. म्हणायचा, दामू, पोकळ भिंत बांधून लोकाला फसवू नगं.

लगीन झाल्यावर सोलापूरला आलो. सात रस्ता चौकाच्या म्होरं ती मोठी सात मजली बिल्डिंग हाय की, काही वर्सांमागं तितं काम धरलं. तितल्या इंजिनेर मॅडम लई हुशार. म्हणल्या, काका, विटा कडेवर उभ्या लावा, मधी जागा मोकळी सोडा, त्या हवेनं उन्हाची झळ आत येत न्हाई, एसी बी लागत न्हाई. मी व्हय व्हय म्हणलो. पण काय सांगू तुमाला, हात ऐकंना. चौथ्या मजल्यावर मावळतीची भिंत माज्याकडं व्हती, मॅडम गेल्या की मी त्या जागंत विटांचं तुकडं आन् सिमेंट-वाळूचा माल कोंबायचो, समदी ठासून भरली. वरनं गिलावा झाला, कुणाला काय कळणार? मला वाटलं, आपुन चांगलंच काम केलं.

आन् आता माज्या लेकीनं, सुनंदानं, त्योच चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट घेतला. मला न इचारता. म्हणली, आप्पा, तुमच्या हातचं घर हाय म्हणून घेतलं. येईल त्याला सांगती, ही भिंत आमच्या आप्पांनी बांधली. उन्हाळ्यात त्या भिंतीला हात लावला तर चटका बसतो. बाळाच्या अंगावर घामोळं उठलंय, त्याला घेऊन ती जिन्यात बसती. खालच्या मजल्यावरची भिंत दुसऱ्या गवंड्यानं मॅडमच्या सांगण्यापरमाणं केली, ते घर गार हाय. ती मलाच इचारती, आप्पा, आपलंच का वो एवढं तापतंय? मी म्हणतो, मावळतीचं ऊन हाय, बाई. खोटं बोलतो मी.

काल गेलो तवा ती आत व्हती, गुपचूप त्या भिंतीवर थापीची मूठ वाजवली. भरीव आवाज आला. बाप असता तर खूश झाला असता. मला रडू आलं.

तुमी माजं बोलणं लिवून घेताय तर समदं लिवा, काय गाळू नका. आन् पयला कागद सुनंदाच्या हातात द्या, माज्या तोंडातनं हे निघत न्हाई. ती भिंत नीट करून घेऊ दे, तिचं लेकरू सुखात राहू दे, आन् ती मला काय बोलंल ते बोलू दे.