टर्बो गार होईपर्यंत

...आणि वर मलाच विचारतात, "बॉनेटला हे टेंगूळ कसलं हो?" आता काय सांगू? तुम्हाला सांगतो, चाळीस वर्षांची दोन सीटची स्पोर्ट्स कार, लाल, नाकाडी, रस्त्यावरची माणसं वळून वळून बघायची, तिच्या बॉनेटवर आज हे एवढं टेंगूळ आहे आणि ते अपघातानं नाही, माझ्या हौसेनं आलंय. अपघातानं आलं असतं तर निदान चार माणसांनी विचारपूस तरी केली असती!

गाडी सासऱ्यांची. सासूबाई गेल्या, सासरे आमच्याकडे राहायला आले, सोबत एक बॅग आणि ही गाडी. किल्ली माझ्या हातावर ठेवून म्हणाले, "जावईबापू, ही मी कधी कुणाच्या मागे ठेवली नाही." बस्स. वीस वर्षांत माझ्याशी बोललेलं सगळ्यात लांब वाक्य! माणूस अबोल म्हणजे किती... फोन उचलला की 'हॅलो'सुद्धा समोरच्यालाच म्हणावं लागतं.

तर रोज सकाळी मी त्यांना गुडघ्याच्या व्यायामाला खाली घेऊन जातो आणि परत येताना आमचा तो चढ, आणि त्या चढावर रोज, रोज हं, मागून दुधाची गाडी येते. क्रेट खडखडतायत, ड्रायव्हरचं कोपर खिडकीबाहेर, मला बघून मान हलवतो, म्हणजे 'येऊ का पुढे?' आणि गेला की हो पुढे! सासरे बोलत काहीच नाहीत, फक्त घसा खाकरतात. अहो, त्या खाकरण्यात काय काय असतं... मुलगी दिली, गाडी दिली, दोन्हीकडे चुकलंच, सगळं येतं त्यात. मला एकदा, फक्त एकदा त्यांच्या तोंडून 'शाबास' ऐकायचं होतं. पन्नाशीच्या माणसाला शोभत नाही, कबूल. पण ऐकायचं होतं.

म्हणून गेलो गॅरेजात. गॅरेजवाल्याला सगळे उस्ताद म्हणतात. त्यानं बॉनेट उघडलं, डोळे मिटले, इंजिनाला कान लावला आणि म्हणाला, "साहेब, टर्बो लावा. धूर नाहीतरी फुकटच जातो ना? त्या धुराच्या जोरावर चक्र फिरतं, चक्र इंजिनात हवा कोंबतं, गाडी उडते. एवढं झालं की झालं!"

मी म्हटलं, एवढंच ना? लावा.

लागला. तर इंजिन तापायला लागलं. "रेडिएटर मोठा टाकू साहेब, एवढं झालं की झालं!" रेडिएटर टाकला, तर क्लच घसरायला लागला, क्लच बदलला, तर उस्ताद माझ्याकडे दयेनं बघत म्हणतो कसा, "पळायची सोय झाली, आता थांबायची नको?" ब्रेक बदलले! आणि एवढं सगळं झाल्यावर बॉनेट लावायला जातो, तर लागेना. टर्बोचं डोकं वर! "थोडा पत्रा कापू, वर फुगवटा बसवू. एवढं झालं की..." कापला हो. बायको बघायला आली, बघत राहिली, मग म्हणाली, "माझ्या बाबांची गाडी आहे ती. भाजी नाही, दिसेल तिथे चिरायला."

सासऱ्यांच्या कानावर गेलं. म्हणाले, "गॅरेजला सोडा मला." मला बाहेर उभं केलं आणि आत दोघं अर्धा तास! अर्धा तास माझ्या सासऱ्यांना बोलायला शब्द आले कुठून? बाहेर आले, म्हणाले, "ठीक." आणि गाडीत बसले.

मग तो दिवस उजाडला. चढ, मागून खडखड, कोपर, मान. मी दाबला पाय... काही नाही! टर्बोला म्हणे जोर धरायला वेळ लागतो. दुधाची गाडी बरोबरीला आली, सासऱ्यांनी खाकरायला घसा तयार केला, आणि तेवढ्यात मागून कुणीतरी लाथ घातल्यासारखे आम्ही दोघं सीटला चिकटलो! कोपर मागे, क्रेट मागे, चढ संपला, घर आलं. जिंकलो! मी गाडी थांबवली आणि बंद... बंद करायची नाही! उस्तादनं बजावलं होतं, "टर्बो लालबुंद होतो, तेल फिरत राहिलं पाहिजे, नाहीतर आतून जळतो. दोन मिनिटं गाडी सुरू ठेवून बसायचं."

बसलो. शाबासची वाट बघत. एवढ्यात दुधाची गाडी आली, ड्रायव्हरनं पिशव्या दिल्या, "पंक्चर आहे का?" विचारलं आणि गेलासुद्धा! आम्ही आपले बसलेलो. आणि मग सासरे बोलले. "ह्या सीटवर तुमच्या सासूबाई बसायच्या. खिडकी कधी बंद करू द्यायच्या नाहीत."

मी हळूच त्यांच्या बाजूची खिडकी उघडली.

झालं! तेव्हापासून रोज. दोन मिनिटांची दहा झाली, दहाची तीस, गाडी दारात घुरघुरतीये, शेजारी वैतागलेत, बायको चहा गाडीत आणून देते, आणि सासरे सांगतायत की सासूबाईंना पहिल्यांदा कुठं बघितलं. शेवटी परवा गेलो उस्तादकडे. म्हटलं, याला काही उपाय?

"आहे ना साहेब! यंत्र मिळतं. तुम्ही किल्ली काढून घरात जा, गाडी दोन मिनिटांनी आपोआप बंद."

"मग पहिल्याच दिवशी का नाही लावलंस?"

हात पुसत म्हणाला, "लावायला काढून ठेवलं होतं. त्या दिवशी तुमचे सासरे आले ना, ते म्हणाले, बाकी काय कापायचं ते काप, हे तेवढं लावू नकोस. आता लावू का? एवढं झालं की झालं!"

मी म्हटलं, राहू दे.

आणि शाबास? छे हो, अजून नाही म्हणाले. काल उशीर होत होता म्हणून किल्लीकडे हात नेला, तर घसा खाकरला त्यांनी. घेतला हात मागे. काय करता... टर्बो गार व्हायचा होता ना.