चाबी खिशात, ट्रॅक्टर बोळीत

नागभीडच्या दवाखान्यात चिठ्ठीच्या रांगेत माझ्यापुढं दोन बाया होत्या. वयस्क बाईचे पाय गुडघ्यापर्यंत चिखलानं भरले होते.

“इंदुताई, चप्पल कुठी गेली तुमची?”

“धानाच्या बांधीत. खांद्यावर खाट असल्यावर चप्पल पाहाले होते काय?”

“खाटीवर काऊन आणलं? अॅम्बुलन्स नाई आली?”

“आली ना. पन बोळीच्या तोंडाशी हेमराजनं ट्रॅक्टर आडवा लावला, मागं ट्राली, बाजूनं खाट बी निघत नाई. अॅम्बुलन्स तिकडं सडकेवर भोंगा वाजवून राह्यली अन् म्हातारी इकडं घरात तडफडून राह्यली.”

“मंग हटवाले लावाचा त्याले.”

“चाबी त्याच्या खिशात, अन् तो गेला सासऱ्याच्या गावच्या मंडईच्या जत्रेले. मी फोन केला, म्हटलं ट्रॅक्टर काढ. तं म्हणते, काकू, ट्रॅक्टर माहा हाये, तुमच्या पोटात काऊन दुखते? पुढचं आयकाच्या आधी फोन कापला. मंग उचललाच नाई.”

“चार जणांनी ढकलाचा होता.”

“चार मानसं कुठची? सारं गाव मंडईले. आमी चार बायांनीच खाट उचलली, मागच्या बांध्यांतून सडकेपर्यंत आणली.”

“आता कशी हाये तुमची सासू?”

“माही सासू नोहे ते. हेमराजची माय हाये.”

“अगं बाई. मंग त्याले कळवलं का नाई?”

“कळलं. आत्ताच फोन आला, अन् माह्यावरच तापून राह्यला. म्हणते, माह्या मायले खाटीवर काऊन नेलं, गाडी नाई भेटली काय तुमाले?”