क्लच प्लेट नव्यासारखी

गॅरेजच्या बाकावर पंक्चर निघायची वाट बघणाऱ्या पोरीने मोबाइल कधीच खिशात टाकला होता, कारण समोर खोललेल्या गिअरबॉक्सपाशी ट्रकवाल्या बापाची आणि लेकीची अशी काही जुंपली होती, की बस्स!

"महिनाभर तू ट्रक चालवलास आणि गिअर निसटायला लागला. आता स्टिअरिंगला हात लावायचा नाही!"

"बाबा, क्लच पूर्ण दाबल्याशिवाय मी गिअर टाकतच नाही."

"मग काय भुताने खाल्ला? मिस्त्री, सांग हिला."

"काका, क्लच प्लेट नव्यासारखी आहे. गिअरचं तेलही स्वच्छ आहे."

"मीच बदललं."

"तू गप गं! मग बिघडलं काय?"

"गिअर सरकवणारा हा काटा झिजलाय. कुणीतरी वर्षानुवर्षं गिअरच्या दांड्यावर हात टेकवून गाडी चालवतंय."

"मी तर दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवते. त्यावरून बाबा मला नवशिकी म्हणतात!"

"ते राहू दे. मिस्त्री, क्लच प्लेट कशी म्हणालास?"

"नव्यासारखी."

"मोठ्याने बोल, त्या बाकावरच्या पोरीलाही ऐकू दे! माझ्या लेकीचा पाय आहे तो!"

"म्हणजे उद्या घाटात मी चालवू?"

"तूच चालव. मी शेजारी बसतो, हाताची घडी घालून."