पडद्यावरचं पिवळं

सोजराबाई : आरं प्रेमानंद, लेकरू पिवळं हाय! सरळ दिसून राहिलं, कावीळ हाय. अन् तू ते रंगाचे बटनं काय दाबत बसला?

प्रेमानंद : मावशी, आधी माझ्या कॉम्प्युटरचं काही बिघडलं का ते बघू द्या. तुमच्या जावयानं पुण्याहून ई-मेलवर पाठवलेला फोटो हाय. पडद्याचेच रंग चुकले असतील तर?

जळबा : पडदा मीच बिघडवला. नातवाचा फोटो उघडल्या उघडल्या त्याच्या गालाला बोट लावलं. सकाळपासून मोंढ्यात हळद घोळायच्या ड्रमावर हाय मी. हात बघ माझे.

सोजराबाई : तरी म्हणलं होतं, हात धुवून चला!

प्रेमानंद : मामा, बोटाचा डाग एवढुसा. अख्खा पडदा कसा पिवळा होईल?

जळबा : मंग भुकटी आत गेली असंल. हळदीच्या दिवसांत वसमतात चहाच्या कपातबी हळद सापडते, ह्या डब्ब्याला तर मागं सगळी भोकंच हायेत. थांब, पुसतो.

प्रेमानंद : उपरण्यानं नका पुसू! उपरणंच पिवळं हाय तुमचं. बसा तिकडं. मी रंगांची संख्या बदलून बघतो. हे केले दोनशे छप्पन्न...

सोजराबाई : अगं माय! तोंडावर ठिपके आले! गोवरबी निघाला का काय?

प्रेमानंद : न्हाई मावशी, ते मी केलं. कमी रंगांत असंच दिसतं. परत वाढवतो.

सोजराबाई : हात जोडते तुला, लेकराला काही करू नको.

प्रेमानंद : जावयाला फोन नाही केला?

जळबा : केला की एसटीडीवरून. म्हणे सगळं बराबर हाय, तुमी येऊ नका, फोटो पाठवतो.

सोजराबाई : मागच्या टायमाला बी बराबरच होतं. माझ्या सपनाचं पहिलं लेकरू असंच पिवळं पडलं. आमी पुण्याला पोचलो तवा मातीबी झाली होती. मी तोंडसुदिक न्हाई पाह्यलं त्याचं.

जळबा : आता ते कशाला काढतीस? पडदा बिघडलाय. प्रेमानंद, सांग हिला.

प्रेमानंद : थांबा. कोरं पान उघडतो. ते तर पांढरंच पाहिजे... हे बघा, हेबी पिवळं!

जळबा : बघ! कागदाला कुठं कावीळ होते?

सोजराबाई : म्हंजी माझं लेकरू चांगलं हाय?

प्रेमानंद : पडद्यावर निळा रंगच येऊन नाही राहिला. निळा गेला की पांढरं ते पिवळं दिसतं.

सोजराबाई : निळं न्हाई म्हणून पिवळं? आता निळ्याचा अन् पिवळ्याचा काय संबंध?

प्रेमानंद : मलाबी कोर्सात तेवढंच सांगितलं, मावशी. काहून, ते न्हाई सांगितलं. पडद्याची मागची वायर ढिली असंल. दाबून बघतो.

(प्रेमानंद टेबलामागे वाकतो.)

जळबा : आलं, आलं! पान पांढरं झालं! शाब्बास रे पठ्ठ्या!

प्रेमानंद : आता फोटो उघडतो. हं, बघा.

जळबा : दवाखान्याची भिंत पांढरी! सपनाची साडी बघ, मघा काळी दिसत होती, निळी हाय निळी! मी काय म्हणत होतो? उगंच जीव घाबरा केला हिनं. चादर पांढरी, उशी पांढरी...

सोजराबाई : अन् लेकरू?

जळबा : दुपटं... दुपटं पांढरं हाय.

सोजराबाई : दुपटं नका सांगू मला. लेकरू बघा.

प्रेमानंद : मावशी...

सोजराबाई : उठा. पुण्याची गाडी बघा.

जळबा : प्रेमानंद, अजून एखादी वायर ढिली असंल. बघ ना बाबा.