कुलपाची भाजी

माफी? कायची माफी जी, टेकचंदभाऊ? बसा, खुर्ची घ्या, तुमी सोयरीक जमवली म्हणून तुमचा पाणउतारा नाई करत मी. पण मले समजावून सांगा. पंगतीत मी गारी म्हटली—आता गारी म्हटली म्हणून माफी मागाची? व्याही जेवाले बसला का पोरीकडच्या बायांनी गाण्यातून त्याची फजिती कराची, हे का मी काढलं? माह्या आजीची आजी म्हणत होती. गारी नाई म्हटली तर व्याही रुसत होते, आमाले मानच नाई म्हणून. आन आता म्हटली तर रुसून राहिले. वा रे वा.

तुमी तर होते न पंगतीत, व्याह्याच्या बाजूलेच, बुंदी वाढा बुंदी वाढा करून राहिले होते. आठवते का नाई? पहिले मी खाटेच्या दोरीची शेवई केली—जुनी खाट पाहा, ढेकणाची असली तर अजून चांगली, दोरी सोडा, दुधात शिजवा, व्याहीबुवा चावत राहीन आन लग्न निपटून जाईन. हसले का नाई तुमी? मंग विटेचं भरीत—भट्टीतली पक्की वीट, चुलीत भाजाची, साल काढाची, वरून सिमेंटाचं दही. मंग छत्रीच्या काड्यांचं लोणचं. व्याही सोता हसून राहिले होते, मिशीले वरण लागलं होतं त्यायच्या. विटेचा राग नाई आला, काड्यायचा नाई आला, ढेकूण खाऊ घातले तरी माणूस हसून राहिला. राग कायचा आला? कुलपाचा. बरोबर न?

तेवढीच एक भाजी झोंबली. कोठीचं कुलूप घ्या, व्याहिणीच्या हातचं, किल्लीची फोडणी द्या, आन सुनेनं दारात बसून वास घ्यावा, पोट भरलं म्हणावं—एवढंच. आता ते कोण्या पोट्ट्यानं मोबाईलवर धरलं, सोयऱ्याधायऱ्यात फिरवलं, आन बजारात बाया व्याहिणीले, गीताबाईले, विचारून राहिल्या, काऊन वो, आज कोणती भाजी—ते मी केलं का? माह्या हातात तर ढोलकी होती. खोटं असतं तर व्याहीण हसली असती, भाऊ. चोराच्या मनात चांदणं.

मले कसं माहीत म्हंता? कोणी नाई सांगितलं. डिंपलच्या साक्षगंधाले, साखरपुड्याले, गेलो होतो न आमी त्यायच्या नवेगावले. त्यायची मोठी सून, नीतू, भजे तळून राहिली होती. तेल सरलं. तर ते सासूपाशी येऊन उभी राहिली. गीताबाईनं कमरेची किल्ली काढली, सोता कोठीत गेली, तेल आणलं, कुलूप लावलं, आन ओढून पाहिलं. मंग सारे जेवल्यावर नीतू बसली. भिताडाकडे तोंड, ताटावर डावा हात—असा. पाहा, असा. आन भरभर, कोणी उठवीन म्हणून. मी वळखलं. कसं म्हणजे? अजी, मी बी तशीच जेवत होती. आत्ता बी जेवते. योगराज म्हणते, बाई, हात काढ, भावाच्या घरी कोण तुह्या ताटातलं मोजून राहिलं. पण हात आपसूक जाते. माह्या सासरी ढोल्या भरून धान होतं, आन मी... जाऊ द्या. त्याच्यासाठी नाई आली मी माहेरी परत. त्याच्यासाठीच आली. जाऊ द्या म्हटलं न.

योगराजले मी त्याच दिवशी सांगितलं होतं. म्हणे, बाई, कुलूप कोणाच्या घरी नसते, तुले सारीकडे तुह्यंच सासर दिसते. घरात बोललं तर कुरकूर, चार लोकांत बोललं तर भांडखोर—मंग बाईनं बोलाचं कुठं? एक गारीच तर राहते, जिथं कोणी थांबवत नाई. म्हणून तिथं म्हटलं. अख्ख्या मांडवापुढं म्हटलं, का तुमच्या घरचं कुलूप आमाले माहीत हाये, पोरगी देऊन राहिलो, सांभाळून. मजाक नोहोती ते. घ्या, आता हे बी सांगा त्यायले. सारे हसले, तुमी बी हसले. एक नीतू नाई हसली. लेकराले घास देऊन राहिली होती, हात तसाच राहिला तिचा.

आन आता म्हणे माफी मागा, नाईतर राखीले डिंपलले पाठवत नाई. माह्या भाचीले, जिले मी या हातानं भात चारला. ऐका मंग. परवा तिचा फोन आला. मागं सासूचा आवाज येऊन राहिला होता, पाशीच बसली असन. पोरगी हसून हसून म्हणते, आत्या, ते कुलपाची भाजी कशी करतेत वो, पुन्हा सांग न. मी म्हटलं, तुले कायले पाह्यजे? म्हणे, इथं रोजच होते न, आता मले बी शिकाची हाये. आन हसली. लहानपणापासून तशीच हाये, रडू आलं का हसते. मी सांगितली, पूर्ण सांगितली, किल्ली, फोडणी, वास. ते हं हं करत राहिली. मंग म्हणे, आत्या, याच्यात मीठ कोण टाकते? मी म्हटलं, थांब बाई, मी येते टाकाले.

चहा घ्या, निवून राहिला. साखर कमी वाटली तर डबा तिथं हाये, उघडाच हाये.

माफी पाह्यजे न त्यायले? देते. योगराज गाडी काढून राहिला बाहेर, फोनचं ऐकल्यापासून तो नाई म्हणत आता, कुलूप कोणाच्या घरी नसते. मी गीताबाईच्या कोठीपाशी उभी राहीन, हात जोडीन, पाया पड म्हटलं तर पाया पडीन. पण पहिले किल्ली नीतूच्या आन माह्या डिंपलच्या हातात. चला आमच्यासंगं, सोयरीक तुमी जमवली, मंग साक्षीले बी तुमीच उभे राहा.

काऊन? काम हाये? आत्ताच आठवलं?

बरं. कप ठेवा तिथंच. आन दुसऱ्या कोणाची पोरगी देसाल न, तर पोराले पाहाले जाऊ नका, त्या घरच्या मोठ्या सुनेले जेवताना पाहून या. उठा आता.